मालदीवच्या कांडूत ड्रिफ्ट डाईव्ह: शार्क बघायचेत ना, मग आधी करंट समजून घ्या

मालदीवला डायव्हिंगला चाललोय म्हटलं की घरचे, ऑफिसचे, सोसायटीतले सगळे एकच विचारतात, शार्क चावत नाहीत का रे? आणि गंमत म्हणजे नुकताच ओपन वॉटर हा पहिला कोर्स झालेली पोरंही हेच विचारतात, करंटबद्दल म्हणजे पाण्याच्या प्रवाहाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. अहो, चॅनलच्या म्हणजे प्रवाळाच्या रीफमधल्या खिंडीच्या तोंडाशी जे ग्रे रीफ शार्क दिसतात त्यांना तुमच्यात काडीचाही इंटरेस्ट नसतो. करंटलाही तुमच्याशी देणंघेणं नसतं, पण तो तुम्हाला उचलून नेतो, आणि त्याच्यासोबत वाहत जाणं म्हणजेच ड्रिफ्ट डाईव्ह. म्हणून या सगळ्या लिखाणात शार्क थोडे आणि पाणी जास्त आहे, आधीच सांगून ठेवतो.

हे कुणासाठी? ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर झालंय, पन्नासेक डाईव्ह खात्यात आहेत आणि पाण्यात एका जागी तरंगत थांबता येतं अशांसाठी. तारकर्ली-मालवणला किंवा नेत्राणीला चार डाईव्ह केल्या आणि थेट वावू ॲटॉलच्या (मालदीवमधला एक बेटसमूह) चॅनलला उडी, असं करू नका. मधे अंदमान करा. हॅवलॉकला म्हणजे स्वराज द्वीपला डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज अशा साइट आहेत, खोली पण मिळते आणि बऱ्याचदा करंट पण मिळतो, तिथे आपली हवा किती वेगाने संपते ते नीट कळतं. तेवढा रिझल्ट घेऊनच मालदीवचं तिकीट काढावं असं माझं मत.

आता पाणी का वाहतं ते बघू, कारण हे समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. ॲटॉल म्हणजे रीफची मोठीच्या मोठी कड आणि आत लगून म्हणजे त्या कडेने वेढलेलं पाणी, आणि त्या कडेला जिथे जिथे खिंड आहे तिला तिकडे कांडू म्हणतात. मालदीवमध्ये भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर असतो, मुंबईसारखा चार-पाच मीटर नाही. पण अख्ख्या लगूनचं पाणी त्या मोजक्या खिंडींतूनच आतबाहेर करणार ना, मग तिथे ते पळतं. त्यात मान्सूनचा प्रवाह मिसळतो. साधारण डिसेंबर ते एप्रिल ईशान्येकडचा मान्सून असतो तेव्हा समुद्राचं पाणी पूर्वेकडून पश्चिमेला सरकतं, मे ते नोव्हेंबर उलटं. म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये पूर्वेकडच्या कांडूंत बाहेरचं स्वच्छ निळं पाणी आत घुसत असतं, व्हिजिबिलिटी झकास, आणि शार्क तोंडाशी रांगेत उभे. वावूचा मियारू कांडू, फोट्टेयो, साउथ मालेचा गुराईधू कांडू आणि एम्बुधू कांडू, सगळे पूर्वेकडचे, सगळ्यांचा सीझन हाच. पावसाळ्यात त्याच बाजूने लगूनमधलं प्लँक्टनवालं गढूळ पाणी बाहेर पडतं, तेव्हा तिथे मांटा रे हे मोठे सपाट मासे चांगले मिळतात पण शार्कच्या भिंतीची अपेक्षा ठेवू नका.

कोकणातल्या लोकांना एक गोष्ट मी वेगळी सांगायला नको, पौर्णिमा-अमावस्येला उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि अष्टमीच्या आसपास भांग (लहान भरती-ओहोटी). तेच गणित इथे. उधाणाच्या दिवसांत करंट जोरात, शार्क जास्त, आणि तुमची वाटही जास्त लागणार. पहिल्यांदाच जात असाल तर भांगाच्या आसपासच्या तारखा घ्या. कॅलेंडर बघून बुकिंग करणारे डायव्हर फार कमी भेटतात मला, सगळे फ्लाइट स्वस्त कधी ते बघतात.

करंट किती म्हणजे जास्त? एक नॉट म्हणजे मिनिटाला साधारण ३० मीटर. फिट माणूस सगळ्या सामानासकट जीव तोडून मारतो तो वेग जवळपास एवढाच, आणि तोही दोन-चार मिनिटंच. कांडूत दोन नॉट सहज असतो. आणि पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे करंट दुप्पट झाला की अंगावरचा जोर चौपट होतो. म्हणून करंटविरुद्ध पोहायचं नसतं, विषय संपला. बाजूला सरकायचं, खाली बसायचं, किंवा सोबत जायचं, या तीनच गोष्टी तुमच्या हातात आहेत.

आत येणारा करंट आणि बाहेर जाणारा करंट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि ब्रीफिंगमध्ये हा एक प्रश्न तुम्ही विचारलाच पाहिजे. पाणी आत येत असेल तर ते बाहेरच्या भिंतीवर आपटून वर चढतं आणि काठावरून आत जातं, तुम्ही सुटलात तरी लगूनमध्ये जाणार, तिथे बोट आरामात शोधते. पाणी बाहेर जात असेल तर ते काठावरून खाली निळ्यात म्हणजे बाहेरच्या खोल पाण्यात कोसळतं, खाली ओढणारा डाऊन करंट तिथेच लागतो, आणि तुम्ही सुटलात तर भर समुद्रात. चांगला गाइड आधी नुसता मास्क-फिन घालून उडी मारून बघतो, रीफवरून पाणी कुठे चाललंय, मग ठरवतो. जो गाइड हे न करता धोनीवरूनच (तिकडच्या बोटीला धोनी म्हणतात) 'ओके ओके लेट्स गो' म्हणतो त्याच्याबरोबर मी तरी चॅनलला उतरणार नाही. तुम्हीही नाही म्हणू शकता बरं का, पैसे भरलेत म्हणून उडी मारायलाच पाहिजे असं काही नसतं.

सामानाबद्दल. जे लोंबकळतंय ते सगळं आत किंवा क्लिपला: ऑक्टोपस (जोडीदारासाठीचा, श्वास घ्यायचा जादा रेग्युलेटर), गेज, टॉर्च. करंटमध्ये लोंबकळणारा ऑक्टोपस रीफमध्ये अडकतो किंवा पाण्याच्या जोराने फ्री-फ्लो व्हायला, म्हणजे आपोआप हवा सोडायला लागतो. एसएमबी, म्हणजे तुम्ही कुठे आहात ते बोटीला दाखवणारी फुगवायची नळी, प्रत्येकाची स्वतःची, ग्रुपमध्ये एकाकडे आहे हे चालत नाही. नारिंगी, उंच, म्हणजे दीड-पावणेदोन मीटरची, छोटी पिपाणी नको, लाटांत ती दिसतच नाही. रील किंवा स्पूल, शिट्टी, छोटा आरसा किंवा टॉर्च, दोरी कापायला लाइन कटर. आणि खडकाला अडकून थांबायला रीफ हुक. हुकची दोरी सव्वा-दीड मीटर, एका टोकाला स्टीलचा आकडा आणि दुसऱ्या टोकाला असा क्लिप जो ताण असतानाही एका हाताने सुटतो. हा क्लिप घरी सोफ्याला बांधून ओढून सोडून बघा, ताणाखाली न सुटणारे क्लिप बाजारात भरपूर विकतात.

वजनाचा एक मुद्दा लोकं विसरतात. ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की वर उचलायला लागते, बारा लिटरच्या भरलेल्या टाकीत जवळपास तीन किलो हवाच असते आणि ती तुम्ही पिऊन टाकलेली असते. सुरुवातीला छान वाटलेलं वजन शेवटी सेफ्टी स्टॉपला (वर यायच्या आधीचा थांबा) कमी पडतं, पाच मीटरवर थांबताच येत नाही. म्हणून पहिल्या दिवशीच्या चेक डाईव्हच्या शेवटी टाकीतला दाब ५० बार राहिलेला असताना वजन तपासा, बीसीडी (हवा भरायचं जॅकेट) रिकामी करून पाच मीटरला थांबता आलं पाहिजे. उलट दोन किलो जास्तीचे भरलेत तर खाली गेल्यावर बीसीडी फुगवावी लागते आणि फुगलेली बीसीडी करंटमध्ये अजून ओढली जाते.

आता हवेचा हिशोब, हा भाग नीट वाचा. समजा पाण्याच्या वर तुमचा हवेचा वापर मिनिटाला २० लिटर आहे. ३० मीटरला दाब चौपट, म्हणजे ८० लिटर. बारा लिटरची टाकी २०० बार म्हणजे २४०० लिटर, शांत बसलात तर पूर्ण संपायला अर्धा तास. धापा टाकायला लागलात की वापर दुप्पट, म्हणजे पंधरा मिनिटं. तेही शेवटच्या थेंबापर्यंत! आता बडीची म्हणजे जोडीदाराची हवा गेली आणि दोघं एकाच टाकीवर वर येताय असं धरा. घाबरलेली माणसं प्रत्येकी ३० लिटर तरी ओढणार. एक मिनिट खाली गोंधळ, साडेतीन मिनिटं वर यायला, तीन मिनिटं स्टॉप, सगळं मिळून हजारेक लिटर होतं, म्हणजे ८५-९० बार. म्हणून काठावरून सुटायचा आकडा १०० बार. ५० ला वर यायचं हा जो नियम कोर्समध्ये शिकवतात तो बोटीवर किती घेऊन यायचं त्याबद्दल आहे, चॅनलच्या काठावर ३० मीटरला ५० बार म्हणजे तुम्ही उशीर केलेला आहे. आणि ग्रुपमध्ये ज्याचा वापर सगळ्यात जास्त त्याच्या टाकीवर सगळ्यांची डाईव्ह चालते, त्याच्याकडे बघून तोंड वाकडं करायचं नाही.

नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनवाली हवा) घ्याच. डाईव्ह टेबलप्रमाणे साध्या हवेवर ३० मीटरला २० मिनिटं मिळतात, ३२ टक्के नायट्रॉक्सवर अर्ध्या तासाच्या आसपास. पण ३२ टक्क्यांना ऑक्सिजनच्या दाबाची १.४ बारची मर्यादा साधारण ३३ मीटरला येते, आणि शार्क नेमके काठाच्या खाली ३५ ला फिरत असतात, मोह होतो. मालदीवमध्ये रिक्रिएशनल डायव्हिंगला कायद्यानेच ३० मीटरची मर्यादा आहे आणि डेको डाईव्ह (वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागतील अशी डाईव्ह) करायला परवानगी नाही. काठावर बसून वरून बघा, ते येतात वर.

उडी. इथे निगेटिव्ह एंट्री असते, म्हणजे बीसीडी पूर्ण रिकामी आणि पाण्यात पडल्या पडल्या डोकं खाली करून फिन मारत सरळ खाली, वर तरंगत एकमेकांना ओके ओके करायचं नाही, कारण तुम्ही वर जेवढी सेकंद घालवाल तेवढं रीफ मागे किंवा पुढे निघून जातं. त्यामुळे सगळी तपासणी धोनीवरच. टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का ते असं बघा: गेजकडे बघत रेग्युलेटरमधून तीन-चार दमदार श्वास घ्या, काटा हलला तर व्हॉल्व्ह बंद किंवा अर्धवट आहे. बीसीडीतली हवा तोंडाने ओढून काढली तरी चालेल, पण रिकामी पाहिजे. गाइडने गो म्हटलं की सगळे दोन-तीन सेकंदात पाण्यात. कान मात्र उडी मारायच्या आधी एकदा मोकळे करून घ्या आणि खाली जाताना दर मीटरला करा. कान नाही सुटला तर थांबा, बडीला दाखवा, दोघं वर, एसएमबी, बोट. कानाचा पडदा फाडून घेण्याइतका कुठलाच शार्क भारी नाही.

खाली गेलात की रीफला चिकटा. तळाजवळ पाणी दगडांना घासून मंदावलेलं असतं, दोन मीटर वर गेलात की पूर्ण जोर. नवखे लोक नेमके दोन मीटर वर असतात आणि मग हात मारत बसतात. आत येणाऱ्या करंटला पद्धत अशी असते की कांडूच्या कोपऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर उतरायचं, काठाच्या जरा खाली, जिथे पाणी तुलनेने शांत असतं, तिथून सरकत सरकत काठापर्यंत जायचं आणि काठावर हुक लावून बसायचं. मासे कुठे तोंड करून उभे आहेत बघा, ते नेहमी करंटकडे तोंड करून असतात, आणि त्यांनी अचानक दिशा बदलली तर काहीतरी बदलतंय.

हुक लावायचा तो मेलेल्या कोरलच्या दगडात किंवा खडकाच्या भेगेत, जिवंत कोरलला नाही, आणि लावायच्या आधी त्या भेगेत मोरे ईल किंवा स्टोनफिश बसलेला नाही ना हे बघून. दुसरं टोक छातीजवळच्या डी-रिंगला. हातात धरून बसलात तर पाच मिनिटांत हात जातो. मग बीसीडीत थोडीशी हवा, एवढीच की तुम्ही तळापासून उचलले जाल आणि पतंगासारखे दोरीवर स्थिर राहाल. मान सरळ करंटकडे. बाजूला वळून बघितलं की मास्कमध्ये पाणी शिरतं, रेग्युलेटर फडफडतो, बडीकडे बघायचं असेल तर हनुवटी छातीला लावून हळू वळा. सुटताना आधी बीसीडीतली हवा काढा, मग दोरीने स्वतःला दगडापर्यंत ओढा, मग हुक काढा. हवा न काढता क्लिप सोडला की माणूस थेट वर सुटतो, ३० मीटरवरून. पूर्ण डाईव्हमधली सगळ्यात धोक्याची पंधरा सेकंद कुठली विचाराल तर मी हीच सांगेन.

आता बसलाय ना, मग बघा शार्क. ग्रे रीफ शार्क काठावर का जमतात? पाणी काठावर चढताना वर ढकलतं आणि शार्क त्या वरच्या ढकलीवर जवळजवळ न हलता तरंगतात. फ्रेंच पॉलिनेशियातल्या फाकारावा ॲटॉलच्या दक्षिण पासमध्ये, जिथे ५०० च्या वर ग्रे रीफ शार्क असतात, तिथे यावर अभ्यास झाला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की या ढकलीमुळे त्यांची दहा-पंधरा टक्के ऊर्जा वाचते. एक शार्क सरकत पुढे जातो, मग मागे येऊन परत रांगेला लागतो, अशी त्यांची ये-जा चालू असते. म्हणजे तुम्ही त्यांच्या आरामाच्या जागेवर जाऊन बसलाय. काठाच्या पुढे निळ्यात पोहत गेलात की ते पन्नास फूट लांब जातात आणि सगळ्यांचा शो संपतो. खाली राहा, हळू श्वास घ्या, तेच जवळ येतात.

काळजी एकाच गोष्टीची. ग्रे रीफ शार्कने पाठ बाकदार केली, छातीचे पर खाली पाडले, तोंड वर उचललं आणि अंग खूप वळवळवत पोहायला लागला तर तो सांगतोय की मला कोंडू नका. हे बहुतेक वेळा कुणीतरी त्याच्या मागे कॅमेरा घेऊन गेल्यावर किंवा रीफच्या आणि डायव्हरच्या मधे तो सापडल्यावर होतं. तेव्हा स्ट्रोब (कॅमेऱ्याचा फ्लॅश) मारायचा नाही, पाठ फिरवायची नाही, त्याच्याकडे बघत हळूहळू मागे सरकून त्याला निळ्याकडे जायला रस्ता द्यायचा. व्हाइटटिप शार्क तर तळाशी झोपलेलेच असतात, त्यांना सेल्फी स्टिकने टोचणारे महाभाग मी बघितलेत, काय बोलणार. वावूतल्या अलिमथाच्या नाईट डाईव्हला नर्स शार्क मांडीवर आल्यासारखे येतात, तिथे हात स्वतःच्या अंगाशी ठेवा, कुरवाळायची हौस नको. आणि फुवामुल्ला बेटाजवळचे टायगर शार्क हा पूर्ण वेगळा विषय आहे, तिथे हे कांडूचे नियम लावू नका, तिथलं ब्रीफिंग तिथेच घ्या. मालदीवने २०१० मध्ये शार्कची मासेमारी पूर्ण बंद केली म्हणून हे सगळं आज बघायला मिळतंय, आपल्याकडे मुशी-मोरीचं (म्हणजे शार्कचंच) कालवण आवडीने खाणाऱ्यांनी (मीही कोकणातलाच) हे जरा लक्षात घ्यावं.

काठावर दहा-पंधरा मिनिटं, मग १०० बार किंवा एनडीएल (डेकोशिवाय खाली राहायचा उरलेला वेळ) पाच मिनिटं, जे आधी येईल त्याला सुटायचं. गाइडच्या इशाऱ्यावर सगळे एकदम, बडी हाताच्या अंतरावर. आता करंट तुम्हाला कांडूच्या आत नेतो आणि इथून खरी मजा, काही करायचं नाही, फक्त उंची सांभाळायची. हळूहळू वर चढत जा, मधे वाळूत ईगल रे दिसले तर दिसले. एखादा मोठा दगड आला की त्याच्या मागे पाणी शांत असतं, तिथे क्षणभर थांबून ग्रुप गोळा करता येतो.

डाऊन करंट लागला तर कसं कळतं? तुमचे बुडबुडे वर जायच्या ऐवजी खाली किंवा आडवे जातात, कान दुखायला लागतात, डाईव्ह कॉम्प्युटरवर खोलीचा आकडा वाढत असतो आणि तुम्ही तर काहीच केलेलं नसतं. सरळ वर पोहू नका, दमाल. असा खाली जाणारा पट्टा सहसा अरुंद असतो आणि भिंतीला लागून असतो. हाताशी खडक असेल तर घट्ट पकडा आणि त्यावरून हाताने वर चढा, नसेल तर भिंतीपासून आडवे, निळ्याकडे, थोडं वरच्या बाजूने तिरकं पोहा. तरीही खाली जात असाल तर बीसीडीत हवा भरा, पण हात हवा सोडायच्या डंप व्हॉल्व्हवर ठेवून, कारण पट्टा सुटला की तीच हवा तुम्हाला रॉकेट करते. अगदीच शेवटी वजनं टाकायची, त्याआधी नाही.

ग्रुप हरवला तर एक मिनिट गोल फिरून बघा, मग वर. दोन नॉटमध्ये एका मिनिटात तुम्ही ६० मीटर गेलेले असता, शोधत बसण्यात अर्थ नसतो.

एसएमबी सेफ्टी स्टॉपच्या आधी, रीफ सोडल्या सोडल्या वर पाठवा, म्हणजे बोटवाला वरून तुमच्या मागे येत राहतो. रील अंगाला क्लिप केलेलं नसावं, दोरी अडकली तर सोडून देता आलं पाहिजे. वर बघून आवाज ऐका, इंजिन जवळ वाटलं तर थांबा. निळ्यात स्टॉप करताना डोळ्याला काहीच आधार नसतो, कॉम्प्युटरचा आकडा आणि दोरीचा ताण याच्यावरच भरोसा. वर आलात की बीसीडी फुगवा, मास्क डोळ्यांवर आणि रेग्युलेटर तोंडातच ठेवा, एसएमबी उभी धरा. धोनी दोरी टाकते ती पकडा, इंजिन न्यूट्रल झाल्याचा इशारा मिळेपर्यंत शिडीकडे जाऊ नका, आणि फिन शिडी हातात आल्यावरच काढा, आधी काढले आणि हात सुटला तर तुम्ही गेलात परत वाहत.

लाइव्हअबोर्डच (बोटीवरच राहून केलेली डायव्हिंगची सफर) पाहिजे असं नाही. वावूत फुलिधू, थिनाधू, केयोधू अशा स्थानिक बेटांवर गेस्टहाऊस आहेत, मालेहून स्पीडबोट जाते, कांडू तिथून जवळ आहेत आणि खर्च बराच कमी. फक्त स्थानिक बेटांवर दारू नाही आणि बिकिनी बीच सोडून कपडे नीट, हे ग्रुपमधल्या मंडळींना आधीच सांगून ठेवा. डायव्हिंगचा इन्शुरन्स वेगळा काढा, साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये चेंबरचा (डायव्हिंगच्या आजारावर उपचार करायची दाबाची खोली) खर्च बहुतेक वेळा नसतो. असे रीकॉम्प्रेशन चेंबर बँडोस आणि कुरामथी या बेटांवर आहेत, म्हणजे वावूवरून बोटीनेच न्यावं लागणार आणि ते स्वस्त नसतं. परतीच्या फ्लाइटच्या आधी किमान १८ तास, मी म्हणेन पूर्ण २४, पाण्याखाली जायचं नाही. मुंबईची फ्लाइट सकाळची असेल तर शेवटची डाईव्ह आदल्या दिवशी सकाळीच, दुपारी मालेच्या मासळी बाजारात चक्कर मारा आणि एसएमबीची दोरी गोड्या पाण्यात धुवून पूर्ण उलगडून वाळवा, ओली गुंडाळली तर पुढच्या वेळी पाच मीटरवर गुंता सोडवत बसाल.